करड्या विटा

वाटूर
१२ जानेवारी २०२५

साजिद बेटा,

तुझ्या ऑफिसचा माल नेणारा अंगद टेम्पो घेऊन आला आणि विटा उतरवून गेला. "साजिद साहेबांनी दिल्यात. उघड्यावर राहू द्या, ऊन लागू द्या, मी मंग पुन्हा येतो," एवढेच बोलला. त्याला मंठ्याचे भाडे होते. मी फाट्यापर्यंत त्याच्या मागे गेलो. म्हटले, तू चिठ्ठी दिली असशील आणि तो विसरला असेल. दिली नव्हती.

मराठीत लिहितो आहे म्हणून हसू नकोस. घरात आपण उर्दू बोललो, पण लिहायला मला शाळेतली मराठीच येते, तीही चौथीपर्यंतची. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी फोन कानाला लागला की मला घाम फुटतो आणि बोलायचे ते सगळे पुसले जाते. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुझ्या नव्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही. ऑफिसात कुणी फोडून वाचणार नाही ना?

जालन्याच्या त्या सभेनंतर आपले बोलणे नाही. तू जिल्ह्याचा नकाशा लावला होतास. पोलादाच्या भट्ट्यांचे लाल टिपके, अंकुशनगरकडे साखर कारखान्याचा एक टिपका, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या निळ्या रेघा. धुरातला कार्बनचा वायू पकडायचा, टँकरने, नळाने न्यायचा, थोडा कामाला लावायचा आणि उरलेला खोल काळ्या दगडात गाडायचा, असे तू सांगत होतास. नाहीतर पुढे परदेशात आपले लोखंड कुणी घेणार नाही, म्हणालास. मला अर्धे कळले. पण तू माईक धरून उभा होतास आणि सगळे ऐकत होते, म्हणून मी शेजारच्याला सांगितले की हा माझा मुलगा. तेवढ्यात पडद्यावर एक वीटभट्टी आली. काळा धूर. "हे थांबायला हवं," तू म्हणालास. त्या फोटोत दोरीवर माझी निळी लुंगी वाळत होती. मागून कुणीतरी हसले. मी उठलो आणि मिळेल त्या गाडीने वाटूरला आलो.

जाऊ दे. विटांचे लिहितो. रंग करडा आहे, आगीचा रंग कुठेच नाही. कोपरे धारदार. कच्च्या विटांच्या मानाने फारच घट्ट आहेत, मशीनवर दाबल्या असशील. गोपिकाबाई म्हणाली, "चाचा, पोरानं थापली, आता बापानं भाजायची. शहाणं झालं म्हणायचं." ती बाई तू रांगत होतास तेव्हापासून आपल्याकडे थापायला आहे, तिला बोलायचा हक्क आहे.

मलाही तेच वाटले. चिठ्ठी नाही, पण वीट तर आहे.

भट्टीला अजून वेळ आहे. तोवर तुझ्या विटा नीट वाळवतो. तुझ्या खोलीचे कुलूप गंजले होते, तेल सोडले आहे.

अब्बा

९ फेब्रुवारी

बेटा,

पत्र मिळाले असेल. तिकीट कमी लागले असेल तर दंड तुला पडेल, ही एक काळजी मला तेव्हापासून आहे.

परवा अवकाळी पाऊस आला. आपल्या थापलेल्या विटा मैदानात ओळीने होत्या, त्यांच्यावर ताडपत्री होती. तुझ्या विटांवर काही नव्हते. मी आपली ताडपत्री ओढून तुझ्या विटांवर टाकली. ती पुरेना, म्हणून घरातली वाकळ आणली. आपल्या दोन ओळींचा चिखल झाला. गोपिकाबाई भिजत उभी राहून मला म्हणाली, "घरच्या लेकरायला पाऊस अन् पाहुण्याला पांघरूण. लई न्याय झाला." मी म्हणालो, पाहुण्या कशाच्या, त्या पण घरच्याच आहेत. तिने पदर पिळला आणि निघून गेली.

तिच्यावर मी मागच्या आठवड्यात रागावलो होतो, त्याचाही राग तिच्या मनात असेल. तुझ्या ढिगातल्या चार विटा उचलून तिने रांजणाखाली लावल्या. मी म्हणालो, बाई, कच्ची वीट आहे, रांजण पाझरतो, चार दिवसांत भिजून गारा होईल आणि रांजण तुझ्या पायावर येईल. ती म्हणाली, "मंग येईल तवा बघू." ऐकत नाही. मी रोज रांजणापाशी जाऊन वाकून बघतो, तो कलला तर नाही. कमरेत लचक भरली आहे.

तू लहान असताना ओल्या विटेवर काडीने नाव लिहायचास, आठवते? मी ओरडायचो, गिऱ्हाईक परत करील म्हणून. तुझी अम्मी ती वीट बाजूला काढून ठेवायची. शेवटी एक तशीच भट्टीत गेली आणि पक्की होऊन आली. आता ती मोरीच्या पायरीत आहे. "साजिद" मधला "द" अर्धा झिजला आहे, कारण तिथेच मी पाय ठेवतो. हल्ली थोडा बाजूला ठेवतो.

एकट्याचे जेवण अजून मला जमत नाही. खिचडी दोघांची होते. उरलेली कुत्र्याला घालतो. ते आता दाराशीच झोपते.

भट्टी रचायला पुढच्या महिन्यात घेऊ. तू येणार असशील तर दिवस कळव, त्याप्रमाणे मागेपुढे करता येईल.

अब्बा

६ मार्च

साजिद,

भट्टी पेटवली. रोज्याचे दिवस आहेत, डॉक्टर रोजे नको म्हणतो, मी जमेल तसे धरतो. आगीपुढे घसा कोरडा पडतो, पण ते आता सवयीचे आहे.

तुझ्या विटांचे सांगायचे होते. कडेला ठेवल्या तर कच्च्या राहतात, खाली ठेवल्या तर वितळून एकमेकींना चिकटतात. मी त्या बरोबर मधल्या थरात ठेवल्या, जिथे आच सगळीकडून सारखी लागते. ती जागा मी कधी कुणाच्या मालाला दिली नव्हती. बारीक कोळसा आणि उसाचा चोथा स्वतः चाळून भरला. वरून मातीने लिंपताना गोपिकाबाई म्हणाली की चाचा पोरीची पाठवणी करतायत.

धूर निघतो आहे. तू म्हणतोस तसा काळाच आहे, मी कशाला नाकारू? वारा फाट्याकडे वळला की लाज वाटते, कुणी फोटो काढील म्हणून. लुंगी आता घरात वाळत घालतो.

भट्टी थंड व्हायला वेळ लागेल. फोडायच्या दिवशी तू इथे असावास असे वाटते. तुझी वीट आहे, पहिली तू उचलावीस. जेवायला काय करू ते कळवले तर बरे.

अब्बा

२ एप्रिल

बेटा,

ईद झाली. शीरखुर्मा केला होता. मशिदीतून येताना फाट्यावर थोडा थांबलो, जालन्याच्या दोन गाड्या आल्या. मग घरी आलो. शीरखुर्मा गोपिकाबाईच्या घरी दिला. तिने भांडे परत करताना त्यात गूळ घातला होता, रिकामे देऊ नये म्हणून.

भट्टी ईदच्या आधी फोडली. आपला माल चांगला निघाला. परतूरचा माणूस घेऊन गेला. तुझ्या विटाही ठीक आहेत.

उन्हाळा फार आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येते. तुला खोकला होता तो गेला का? जालन्याच्या त्या एमआयडीसीत धूळ असते, तोंडाला रुमाल बांधत जा.

एक विचारायचे होते. तुमच्या विटेत चुना असतो का? आपल्या मातीत चुकून चुनखडीचा खडा राहिला, तर भाजलेली वीट पुढे ओल लागून तिथेच फुटते, हे तुला ठाऊक आहे. सहज विचारतो. रंग जरा पांढरट आला आहे आणि हातात घेतल्यावर वीट हलकी लागते. आच जास्त झाली असेल. चिंतेचे काही नाही.

आणि दुसरे असे, की रांजण अजून कललेला नाही. काल मी तो हलवून खालची वीट काढली. दोन महिने पाण्यात होती. शेवाळ धरले आहे, पण कोपरा तसाच धारदार आहे. दुसरीवर आपटली तर घंटेसारखी वाजली. कच्ची वीट अशी वाजत नाही. मी ती पुन्हा होती तिथे ठेवली आणि रांजण भरला.

झोप नीट लागत नाही.

अब्बा

२१ एप्रिल

साजिद,

मागच्या पत्रात विटा ठीक आहेत असे मी लिहिले ते खरे नव्हते. तुझ्या विटा राहिल्या नाहीत.

भट्टीतून निघाल्या तेव्हा आकार होता. ईदनंतर हवेतच त्यांना भेगा पडल्या, मग पापुद्रे सुटले. आता तिथे पांढरा ढीग आहे, जणू कुणी चुना आणून ओतला. मी त्यावर वाकळ टाकून ठेवली होती. काल अंगद आला, फोटो काढायचे म्हणाला. मी त्याला आधी चहा दिला, मग पाणी दिले, मग पुन्हा चहा विचारला. शेवटी त्यानेच वाकळ उचलली.

तो खालीच बसला. म्हणाला, "चाचा, ह्या भाजायच्या न्हवत्याच."

मग त्याने मला सांगितले ते तू सांगायला हवे होतेस. पोलादाच्या भट्टीतला मळ दळायचा, त्यात चुना घालून वीट दाबायची, ती बंद खोलीत ठेवायची आणि कारखान्यात पकडलेला वायू आत सोडायचा. वीट तो वायू पिते आणि दगड होते. आग लागतच नाही. आणि आग लावली, की प्यालेला सगळा वायू सोडून देते. म्हणजे जो वायू तू एवढ्या लांबून विटेत कोंडून माझ्या दारात पाठवलास, तो मी मधल्या थरात ठेवून, कोळसा चाळून, सोडून दिला. गोपिकाबाई भट्टी पेटवल्यापासून खोकते आहे, मला वाटले त्यानेच. अंगद म्हणाला सोड्याच्या बाटलीत असतो तोच तो, बाईला काही होत नाही. ती म्हणाली, "मला बिडीनं झालंय. चाचाला सगळ्याचं पाप स्वतःच्याच अंगावर घ्यायची हौस."

मला वीट बघून कळायला हवे होते. पण बेटा, मी चाळीस वर्षे जी वीट लाल नाही ती कच्ची समजत आलो. आणि कच्च्या विटेला पाणी लावून कोण बघतो?

अंगदने दुसरेही सांगितले. जूनमध्ये समिती येणार आहे. उन्हापावसात वीट टिकते की नाही हे ती आधी इथे, माझ्या मैदानात, बघणार. त्यावरून ठरणार, की गावच्या भट्टीवाल्यांना ह्या मोठ्या योजनेत घ्यायचे, दाबयंत्र आणि वायू द्यायचा, की नुसती बंदची नोटीस द्यायची. मी म्हणालो, माझ्या साजिदला तर भट्ट्या बंदच करायच्या आहेत. अंगदने कप खाली ठेवला. म्हणाला, "तुम्ही उठून गेल्ते, चाचा. त्या फोटोच्या पुढं अजून एक चित्र होतं."

त्या चित्रात आपलेच मैदान होते, म्हणे. धूर नव्हता. शेडमध्ये यंत्र होते, विटांच्या करड्या ओळी होत्या, आणि काम करायला हीच माणसे. दोरीवर निळी लुंगी तशीच होती. तू सभेला सांगितलेस की विटेचे काम ह्यांना येते, ह्यांना सोडून योजना करू नका.

ते ऐकल्यापासून मी इथेच बसून आहे. एवढे सगळे तू भर सभेत शंभर लोकांना सांगितलेस, मला एकट्याला नाही. मीही थांबलो नाही, हे खरे आहे.

आता समितीला काय दाखवू, ते सांग. दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

अब्बा

७ जून

बेटा,

काल समिती येऊन गेली. तू आला नाहीस.

तुझे उत्तर आले नव्हते, तरी मी धरून चाललो होतो की तू त्यांच्यासोबत असशील. दाढी केली, बिस्किटे आणली, तुझा कप वेगळा काढला. दोन गाड्या थांबल्या. त्यातून तीन साहेब आणि आकांक्षा नावाची एक मुलगी उतरली, तुझ्यासोबतच काम करते म्हणाली. मी गाडीच्या मागच्या काचेतून आत बघत राहिलो, तेव्हा तीच हळू म्हणाली, "साजिद सरांनी स्वतःहून सांगितलं, जागा वडिलांची आहे, तपासणीला मी नसलेलं बरं." रीत म्हणून ते बरोबर असेल.

आदल्या दिवशी गोपिकाबाईने मला सल्ला दिला होता. चोरीला गेल्या म्हणायचं, वाटूरला काय चोर कमी आहेत का? मी रात्रभर तेच घोकत होतो. खरे सांगितले तर तुझी चूक निघेल, की बापाच्या हातात चाचणी दिली. खोटे सांगितले तर वीट टिकली की नाही हे कुणालाच कळणार नाही आणि नोटीस येईल. एका साहेबाने कागद बघून विचारले, विटा कुठे आहेत?

मी म्हणालो, "मी भाजल्या."

एक साहेब हसले. दुसऱ्यांनी ही जागा कुणी निवडली ते विचारले आणि आकांक्षाने तुझे नाव सांगितले. मी दोरीचा खांब धरला. मग ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "का भाजल्यात, चाचा?"

"पोरानं पाठवल्या होत्या," मी म्हणालो. "कच्च्या वाटल्या."

तेवढ्यात गोपिकाबाई पुढे आली, रांजणाला हात घालून म्हणाली, "साहेब, जरा धरा इकडून," आणि त्या हसलेल्या साहेबालाच भरला रांजण धरायला लावला. त्यांचे बूट भिजले. खालून चार विटा निघाल्या. आकांक्षाने शेवाळ पुसले, दोन एकमेकींवर वाजवल्या. तिने भाजलेल्या ढिगातला भुगा डब्यात घेतला आणि रांजणाखालच्या दोन विटा घेतल्या. भाजलेल्याचे आणि न भाजलेल्याचे वजन ताडून बघू म्हणाली, किती वायू आत होता ते त्यातूनही कळेल. बरे की वाईट ते काही बोलली नाही. मीही विचारले नाही, भीती वाटली.

चहा सगळ्यांनी घेतला. तुझा कप मी तसाच आत नेऊन ठेवला.

तुझ्यावर काही बालंट आले का, एवढे तरी कळव. मला काही सुचत नाही. रांजण आता दोन विटांवर आहे, बाजूला दगड लावला आहे, डगमगतो.

अब्बा

३ सप्टेंबर

साजिद बेटा,

पावसाळ्यात भट्टी बंद असते, माणसेही नसतात. गोपिकाबाई लेकीकडे पिंपळगाव रेणुकाईला गेली. कुत्रे आणि मी. पत्र टाकायला फाट्यावर गेलो तरी दिवस बरा जातो, पण तुला त्रास नको म्हणून मध्ये लिहिले नाही.

काल अंगद आला. म्हणाला, समितीने लिहिले आहे की चाचणी पुन्हा घ्यावी, पुरे एक वर्ष, आणि त्याच जागी. भट्टीवाल्यांचे ते त्यानंतर ठरवतील. म्हणजे तोवर नोटीस नाही. मी त्याला दोनदा विचारून घेतले.

मग त्याने टेम्पोचे फाळके उघडले. नव्या विटा. प्रत्येकीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत छापले आहे, "भाजू नये." एकही सुटलेली दिसेना. अंगद हसून हसून खाली बसला. म्हणाला, ऑफिसात सगळ्यांनी रंग लावलाय, साहेबांनी पण. मला राग यायला हवा होता.

ह्या वेळी मी ताडपत्री टाकली नाही. पाऊस चालू होता, तरी मैदानात उघड्यावरच रचल्या, आणि रचताना माझ्या हातात एक वेगळीच वीट आली. तिच्यावर लाल रंग नव्हता. वीट ओली असताना काडीने कोरलेले होते, वाकडेतिकडे, लहानपणी लिहायचास तसेच. "अब्बा."

मी अंगदला काही दाखवले नाही. तो गेल्यावर ती वीट घरात आणली. मग वाटले, घरात ठेवली तर चाचणी कशी होणार? म्हणून पुन्हा बाहेर नेली आणि दारासमोर, जिथे पागोळी पडते, तिथे ठेवली. आगीशिवाय अक्षर टिकेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही. म्हणून पाऊस नसतो त्या सकाळी मी स्वतः तिच्यावर तांब्याभर पाणी ओततो आणि वाकून बघतो.

आज सकाळपर्यंत तसेच आहे.

तुझा
अब्बा